कास मऊ, तरी दगडी

एसएनएफ ८.५ च्या खाली घसरला की आमच्या संगमनेर-राहात्याच्या पट्ट्यात पहिला संशय डेअरीच्या मशीनवर जातो आणि दुसरा पेंडीच्या पोत्यावर. आमच्याकडेही तेच झालं. पेंड बदलली, खनिज मिश्रण वाढवलं, संकलन केंद्रावर शब्दाला शब्द लागला. गायी मात्र टवटवीत. रवंथ चालू, कास मऊ, दुधात एक गाठ नाही.

शेवटी डॉक्टर चार खणांचं पांढरं पॅडल घेऊन आले. चंद्रीच्या चारही सडांचं थोडं थोडं दूध खणांत घेतलं, तेवढंच जांभळं द्रावण ओतलं आणि पॅडल हातावर गोल फिरवलं. तीन खणांतलं दूध पाण्यासारखं फिरलं. मागच्या उजव्या सडाचं मात्र शेंबडासारखं घट्ट होऊन मधोमध गोळा झालं. "दादा, ही दगडीच आहे. अजून कासेवर दिसत नाही एवढंच," डॉक्टर म्हणाले. दावणीच्या आणखी काही जणी तशाच निघाल्या.

हा सुप्त कासदाह. सडात जंतू शिरले की शरीर तिथे पांढऱ्या पेशी धाडतं. द्रावणाने त्या फुटतात आणि दूध चिकट होतं. दूध तयार करणारा भाग अधू झाल्यामुळे लॅक्टोज घटतं, त्याबरोबर एसएनएफ पडतो, दूध खारट लागतं. पेंडीचं पोतं बदलून तो वर कसा येणार?

आमच्या गोठ्यात हा रोग पसरला एका फडक्यातून. सगळ्यांच्या कासा त्याच ओल्या कापडाने पुसल्या जायच्या आणि मशीनचे कप आजारी गायीवरून थेट निरोगी गायीला लागायचे. आता प्रत्येक गायीला वेगळा कागद किंवा वेगळं धुतलेलं कापड. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर घेऊन बघायच्या. त्या जमिनीवर सोडू नका, जंतू तिथेच राहतात. आधी पहिलारू आणि निरोगी गायी पिळायच्या, चाचणीत सापडलेल्या सगळ्यात शेवटी. लायनरचं रबर चिरलं असेल तर लगेच बदला, भेगांत जंतू लपतात.

धार संपल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणं आता बरेच जण करतात. मग गाय लगेच शेणात बसते आणि केलेलं पाण्यात जातं. सडाचं तोंड मिटायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ ती उभी राहावी म्हणून वैरण किंवा मुरघास धार संपल्यावरच गव्हाणीत टाका. या उपायाला पैसा लागत नाही, कदाचित म्हणूनच तो कोणी मनावर घेत नाही.

औषधाचं मात्र स्वतःच्या मनाने करू नका. शेजाऱ्याच्या गायीला लागू पडलेली ट्यूब आपल्या गायीला पडेलच असं नाही. स्वच्छ बाटलीत दूध घेऊन प्रयोगशाळेतून जंतू आणि त्यावर चालणारं प्रतिजैविक तपासून घ्या. उपचार चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध कॅनमध्ये जाता कामा नये. जुना रोग दुभत्या काळात सहसा हटत नाही. विण्याच्या साधारण दोन महिने आधी गाय आटवताना सडांत सोडायच्या ट्यूबने तो बऱ्यापैकी आटोक्यात येतो.

चाचणीला महाग काही लागत नाही. १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवली तरी भागतं. दूध आणि द्रावण समान घ्यायचं. नुकती व्यालेली किंवा आटत आलेली गाय यात फसवते, तिचा निकाल धरू नका. महिन्यातून एकदा सगळ्यांची चाचणी करा आणि कोणत्या गायीचा कोणता सड, हे वहीत लिहा. तोच सड पुन्हा पुन्हा येत असेल तर ती गाय ठेवायची की काढायची, हे वहीवरून ठरवता येतं.

बाजारातून गाय घेतानाही पावडरीची पुडी खिशात असू द्या. व्यापारी दूध किती ते दाखवतो, चारही सडांचं वेगवेगळं दाखवत नाही. विसार द्यायच्या आधी सडासडाचं दूध तपासायला मागा. तो कुरकुरला तर पुढच्या दावणीला चला.