नवतपा आणि उणे तीस

सक्करदरा, नागपूर

चि. बेटा,


अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर विमान चालवायचं ठरवलेल्या मुलीला सोनेगावच्या धावपट्टीवर, तेही मेअखेरच्या रखरखीत नवतप्यात, शिकण्यासारखं काय आहे, ही तुझी तक्रार ताईने फोनवर सांगितली. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

विमानाच्या पुस्तकातले मूळ हिशेब एका मानलेल्या हवेवर बेतलेले असतात. समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस, दाब 1013.25 हेक्टोपास्कल, आणि दर हजार फुटांमागे सुमारे 2 अंशांची घट. ही हवा नागपूरला जानेवारीतल्या पहाटे कधीमधी भेटते. तुझ्या अलास्काच्या किनाऱ्यावरचं उटकिआग्विक, म्हणजे पूर्वीचं बॅरो, 71 उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जुलैच्या दुपारीही पारा साधारण 8 अंशांवर असतो. थोडक्यात, ज्या हवेत उडायचं ती आणि पुस्तकातली हवा यांत बहुतेक वेळा फरक पडतो. तो फरक किती आणि कुठल्या बाजूला, हे काढल्याशिवाय वैमानिकाने इंजिन सुरू करू नये.

नागपूरचाच हिशेब घ्यावा. सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,030 फुटांवर. मे महिन्याच्या दुपारी तापमान 45 आणि दाब 1003 धरला, तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची, 5,200 फुटांच्या आसपास निघते. कळसूबाईची उंची 5,400 फूट. म्हणजे तुझं सेस्ना विमान उभं असतं सोनेगावला, पण त्याच्या इंजिनाला, पंख्याला आणि पंखांना मिळते ती जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरची हवा. इंजिनाची ताकद उतरते, पंख्याची पकड सैल होते, धाव लांबते आणि वर चढणं रेंगाळतं. सोनेगावची धावपट्टी 3,200 मीटरची असल्याने हे झाकलं जातं; लहान पट्टीवर झाकलं जात नाही.

यातला खरा सापळा डोळ्यांचा आहे. विरळ हवेत वेगमापकावर नेहमीचा आकडा येईपर्यंत जमीन नेहमीपेक्षा वेगाने मागे पळताना दिसते. नवशिक्याला वाटतं, वेग भरपूर झाला, आणि तो नाक लवकर वर ओढतो. आकडा येईपर्यंत थांबायचं. ही शिस्त नवतप्यातच अंगवळणी पडते.

उणे 30 अंशांत सगळं उलटं होतं. हवा दाट, विमान जोमाने चढतं, वैमानिक खूश. मात्र अल्टिमीटर दाब मोजून उंची सांगतो, आणि गार हवेत दाबाचे थर एकमेकांजवळ आलेले असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कोष्टकाप्रमाणे विमानतळावर उणे 30 तापमान असताना अल्टिमीटरवर त्याच्यापासून 1,000 फूट उंची दिसत असेल, तर विमान प्रत्यक्षात सुमारे 190 फूट खाली असतं. उटकिआग्विकभोवतीचा टुंड्रा सपाट आहे, तो एखादी चूक पोटात घालतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइअरब्येन डोंगरांत आहे, तिथे ही सवलत नाही. हे ठिकाण आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही. डिसेंबर 2023 मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम निघाली, तिच्या पहिल्या तुकडीत गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राबरोबर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचाही सहभाग होता. न्यू-ऑलेसुंडच्या ‘हिमाद्री’ या भारतीय तळाचा रस्ता लाँगइअरब्येनवरूनच जातो.

धुक्याबद्दल मात्र नागपूरचा अनुभव तिकडे जसाच्या तसा नेऊ नये. आपल्याकडचं जानेवारीतलं धुकं रात्री निवलेल्या जमिनीवर धरतं आणि ऊन चढलं की बहुधा विरतं. त्यामुळे इथल्या माणसाला ‘दहा वाजेपर्यंत सुटेल’ म्हणायची सवय लागते. आर्क्टिक किनाऱ्यावर उन्हाळ्यात दमट, त्या मानाने उबदार हवा गारठलेल्या समुद्रावरून सरकते, तिथे धुकं बनतं आणि वारा ते धावपट्टीवर आणून ठेवतो. उटकिआग्विकला 10 मेच्या सुमारापासून ऑगस्ट उजाडेपर्यंत सूर्य मावळत नाही, तरीही धुकं उठेलच असं नाही. मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचताना तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर पाहावंच, पण त्याआधी वारा समुद्राकडून येतोय का ते पाहावं. आणि पर्याय? बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता त्या गावाला नाही. डेडहॉर्सचा विमानतळ सुमारे 200 मैलांवर, तोही त्याच समुद्राजवळ. दोन्हीकडे एकदम धुकं असू शकतं, हे धरूनच टाकीतलं इंधन मोजावं लागतं.

उटकिआग्विकच्या विमानतळाला दोन माणसांची नावं आहेत, वायली पोस्ट आणि विल रॉजर्स. पोस्टने 1933 साली एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिलाच. रॉजर्स अमेरिकेचा लाडका विनोदकार. 15 ऑगस्ट 1935 रोजी बॅरोकडे जाताना खराब हवेत वाट सापडेना, म्हणून दोघं एका खाजणात उतरले आणि तिथल्या इनुपिआट लोकांना दिशा विचारली. गाव थोड्याच मैलांवर होतं. पुन्हा उड्डाण करताच इंजिन बंद पडलं. दोन विमानांचे भाग जोडून, वर तरंगते पाय बसवलेलं ते यंत्र आधीच नाकाकडे जड होतं. दोघंही गेले. हवेने त्यांना खाली उतरवलं होतं, तेव्हा तिथेच थांबायची सोय होती.

हवेइतकीच जमीनही पाहावी. धावपट्टीच्या पकडीला 6 ते 0 असे गुण देतात. कोरडी असेल तर 6, ओल्या बर्फकाचेला 0. दबलेलं हिम उणे 15 किंवा त्याहून गार हवेत 4 गुण मिळवतं, आणि 3 मिलिमीटरहून जास्त साचलेल्या पाण्याला मिळतात फक्त 2. म्हणजे जुलैतल्या धो-धो पावसातली आपली धावपट्टी त्या कडक हिमापेक्षा अवघड ठरू शकते. तिथल्या हिमाची धास्ती घेणाऱ्याने इथला पाऊस हलक्यात घेऊ नये.

यंत्रांविषयी शेवटचं. 30 मे 2024 रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले. देशभर बातमी झाली; मग हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. एखादा आकडा शेजारच्या आकड्यांशी जुळत नसेल, तर आधी दुसरा स्रोत पाहावा, मगच हिशेबाला बसावं.

आता काम. येत्या आठवड्यात रोज सकाळी 6 आणि दुपारी 3 चा नागपूरचा मेटार उतरवून घे, दोन्ही वेळची डेन्सिटी अल्टिट्यूड काढ आणि विमानाच्या पुस्तिकेतून धावेची लांबी शोध. त्याच तारखांचे उटकिआग्विकचे मेटार शेजारच्या रकान्यात लिही. वही घेऊन रविवारी घरी ये, कुठे अडलीस ते बसून पाहू. मामीने कैरीचं लोणचं घातलंय, बरणी नेशीलच.

तुझा,
मामा