सहकार्याआधी ठरवायच्या गोष्टी

स्वयंसेवी संस्थांचे सहकार्य, म्हणजे स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र निधी आणि स्वतंत्र विश्वस्त मंडळ असलेल्या संस्थांनी एखाद्या कामापुरती जबाबदारी वाटून घेणे, हे सद्भावनेने सुरू होत असले तरी नुसत्या सद्भावनेवर निभावत नाही, हा मराठवाड्यातील कार्यकर्त्यांना आलेला अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीचा ओघ मोठा होता. पण वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळी गावे दत्तक घेतल्याने घरांचे आराखडे आणि बांधणी गावागणिक बदलली. याच पुनर्वसनात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावातील स्त्रियांना ‘संवाद सहायक’, म्हणजे शासन आणि ग्रामस्थ यांच्यातील दुवा, म्हणून उभे केले. हे काम अधिक मोलाचे होते, कारण त्याने गावाला बोलते केले.

बिलोली तालुक्यात सगरोळीचे संस्कृती संवर्धन मंडळ १९५९ पासून उभे असून ते शाळांसोबत कृषी विज्ञान केंद्रही चालवते. अशा मुरलेल्या संस्थेशी हातमिळवणी करू पाहणाऱ्या बाहेरच्या संस्थेने आधी तिथला कामाचा क्रम समजून घ्यावा, मगच आपला आराखडा मांडावा.

वाटणी कशी असावी, याचा धडा २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत सापडतो: यंत्र स्वयंसेवी संस्थेचे, डिझेल शासनाचे आणि गाळाची वाहतूक शेतकऱ्याच्या खर्चाने. यातील एक धागा जरी अधांतरी राहिला, तरी पोकलेन तलावाच्या काठावर उभे राहते, डिझेलचे बिल कोणी द्यायचे यावर पत्रे फिरतात आणि मृगाचा पाऊस पडून काळी जमीन चिखल झाली की तो हंगाम हातचा जातो. म्हणून सामंजस्य करारात डिझेल, चालकाचा भत्ता, फलकावरील नावांचा क्रम आणि वाद मिटवणारी व्यक्ती, ही सारी कलमे काम सुरू होण्याआधीच लिहावीत. फलकावरून होणारा रुसवा क्षुल्लक वाटला तरी त्याने चांगली कामे मोडली आहेत.

निधीबाबत एक अडचण कायद्याचीच आहे. विदेशी अंशदान विनियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेले परदेशी अनुदान दुसऱ्या संस्थेकडे, ती नोंदणीकृत असली तरी, वळवता येत नाही. त्यामुळे परदेशी पैशाच्या आशेवर छोट्या सहकारी संस्थेला शब्द देऊ नये आणि कोणताही करार सहीपूर्वी संबंधित गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा.