हाकेला ओ देणारी गाडी

महाराष्ट्रातील खेड्यात एस. टी.ची गाडी येण्याची वेळ झाली, की फाट्यावरच्या झाडाखाली माणसे जमू लागतात. कोणाला तालुक्याच्या कचेरीत जावयाचे असते, कोणाला बाजाराला, तर कोणी माहेरवाशीण मुलाला कडेवर घेऊन सासरी परत निघालेली असते. 1948 च्या जून महिन्यात पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या शहरांदरम्यान एस. टी.ची पहिली गाडी धावली. तेव्हापासून हे दृश्य महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले आहे. या व्यवस्थेचे सूत्र अगदी सोपे आहे. गाडीची वेळ ठरलेली आणि तिचा रस्ताही ठरलेला. माणसाने त्या वेळी त्या रस्त्यावर येऊन उभे राहावे.

जेथे उतारू पुष्कळ, तेथे हे सूत्र उत्तम चालते. परंतु जेथे माणसे मोजकी, घरे विखुरलेली आणि कामाच्या वेळा वाऱ्यापावसाच्या हाती, तेथे काय करावे? स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रात असलेल्या एका लहानशा बेटाने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते विचार करण्याजोगे आहे.

टायरी हे त्या बेटाचे नाव. इनर हेब्रिडीज या द्वीपसमूहातील हे सर्वांत पश्चिमेकडचे बेट. त्याची लांबी सुमारे 19 किलोमीटर असून त्याचे क्षेत्रफळ 80 चौरस किलोमीटरही भरत नाही. बेट इतके सखल आहे, की दूरवरून पाहणाऱ्यास ते लाटांखाली बुडाल्यासारखे भासते. तेथील गेलिक भाषेत त्याला 'लाटांखालचा प्रदेश' असे एक नाव आहे, ते यामुळेच. बेन हिनिश ही तेथील सर्वांत उंच टेकडी, पण तिची उंची अवघी 141 मीटर. अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या वाऱ्याला अडविणारे काहीच नसल्यामुळे हिवाळ्यात तो बेटावर अक्षरशः थैमान घालतो. मोठी झाडे तेथे क्वचितच दिसतात.

1831 च्या सुमारास या बेटावर चार हजारांहून अधिक माणसे राहत होती. पुढे बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ आला, जमिनीवरून कुटुंबे हुसकली गेली आणि कित्येकांनी कॅनडाची वाट धरली. 2011 च्या जनगणनेत बेटावर 653 माणसे उरली होती. ही माणसेही एका गावात राहत नाहीत. प्रत्येक कुटुंबाची लहानशी शेती आणि त्या शेतीतच घर, अशी तेथील जुनी रीत. त्यामुळे चार घरे या किनाऱ्यावर, तर सहा घरे त्या किनाऱ्यावर, अशी वस्ती पसरलेली आहे. बोटीचा धक्का स्कॅरिनिश या गावी, शाळा कॉर्नेगमोर येथे, तर विमानतळ बेटाच्या मध्यभागी. मुख्य भूमीवरील ओबान बंदरातून येणाऱ्या बोटीला सुमारे चार तास लागतात.

अशा ठिकाणी वेळापत्रकानुसार गाडी सोडली, तर ती दिवसातून कित्येकदा रिकामीच धावेल. इंधन जळेल, चालकाचा वेळ जाईल आणि तरीही आडबाजूच्या घरातील म्हातारीला थांब्यापर्यंत वाऱ्याशी झुंजत जावे लागेल. म्हणून टायरीमध्ये निराळी पद्धत स्वीकारण्यात आली. तेथील लहान बसच्या सेवेला 'रिंग-एन-राइड' म्हणतात. दूरध्वनी करावा आणि गाडीत बसावे, असा त्या नावाचा अर्थ. ज्याला जावयाचे असेल त्याने आधी दूरध्वनी करून कोठून, कोठे आणि केव्हा जावयाचे ते कळवावयाचे. जी मागणी आली असेल तिच्याप्रमाणे गाडीचा त्या दिवसाचा मार्ग ठरतो. गाडी सार्वजनिक, पण ती हाकेला ओ देऊन येते.

या व्यवस्थेचे मर्म निरनिराळ्या मागण्या एकमेकींत गुंफण्यात आहे. अशी कल्पना करावी, की दक्षिण किनाऱ्यावरील एका वृद्धेला दहा वाजता दवाखान्यात पोहोचावयाचे आहे. तिच्या वाटेवरील एका तरुणाला त्याच सुमारास दुकानात जावयाचे आहे आणि धक्क्यावर उतरणाऱ्या एका पाहुण्याला बेटाच्या दुसऱ्या टोकाला. तिघांसाठी तीन मोटारी निघाल्या असत्या. पण मागण्या लिहून घेणारा माणूस चतुर असेल, तर तो तरुणाला म्हणेल, "दहा मिनिटे आधी निघाल का? वाटेत आजीबाईंना घ्यावयाचे आहे." तरुण हो म्हणतो आणि एकाच गाडीत तिघांचे काम होते. भाड्याची मोटार एकट्याची असते. ही गाडी सर्वांची असल्यामुळे येथे प्रत्येकाला आपली सोय थोडी मुरडून दुसऱ्याची सोय पाहावी लागते. शेजारधर्माचाच हा एक प्रकार होय.

बेटाच्या जीवनाला ही पद्धत आणखी एका कारणाने मानवते. वारा उसळला, की बोट उशिरा येते, कधी येतच नाही. वेळापत्रकाची गाडी अशा दिवशी ओस धक्क्यावर जाऊन रिकामी परत येईल. मागणीनुसार चालणाऱ्या गाडीला मात्र बोटीची वार्ता कळताच आपला बेत बदलता येतो.

तथापि ही पद्धत म्हणजे सर्व दुखण्यांवरचे रामबाण औषध नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील हॅडनफील्ड येथे 1972 साली अशा गाड्यांचा मोठा प्रयोग सुरू झाला. लोकांना तो आवडला, पण खर्च भारी पडला आणि 1975 मध्ये तो संपला. फिनलंडच्या हेलसिंकी शहरातही 2012 साली संगणकाच्या साहाय्याने मार्ग ठरविणाऱ्या लहान बसगाड्या सुरू झाल्या. उतारू वाढत होते, परंतु भाड्यातून खर्चाचा लहानसाच भाग निघे. 2015 च्या अखेरीस ती सेवा बंद करण्यात आली. यावरून एवढे स्पष्ट होते, की यंत्र कितीही हुशार असले तरी एकेकट्या उतारूसाठी धावणारी गाडी महागच पडते. जेथे एकाच वेळी अनेकांना एकाच दिशेला जावयाचे असते, तेथे ठरलेल्या वेळेची गाडीच श्रेष्ठ. हाकेच्या गाडीचे खरे क्षेत्र म्हणजे विरळ वस्ती. त्या क्षेत्रातही ती टिकावयाची असेल, तर तिच्यात एकाच्या शेजारी दुसरा बसला पाहिजे.

आणि येथेच या सेवेची खरी परीक्षा असते. ठरलेली गाडी रस्त्याने जाताना सर्वांना दिसते. तिचे अस्तित्व सांगावे लागत नाही. हाकेची गाडी कोणी बोलावल्याशिवाय येत नाही, म्हणून ती आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांपैकी काहींना संकोच वाटतो. "माझ्या एकटीसाठी एवढी गाडी कशाला?" असे म्हणून एखादी वृद्धा दवाखान्याची खेप पुढे ढकलते. तिच्या मनात सेवेचा मान राखावयाचा असतो, पण परिणाम नेमका उलट होतो. मागण्यांच्या वहीत तिचे नाव चढत नाही. वहीची पाने कोरी राहिली, की हिशेब पाहणारे म्हणतात, "या गाडीची कोणाला गरज दिसत नाही." मग गाडी बंद होते. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांचे काहीच अडत नाही. अडते ते मोटार चालविण्याचे वय न झालेल्यांचे, आणि ते वय उलटून गेलेल्यांचे. म्हाताऱ्या माणसाला आपले घर सोडून मुख्य भूमीवर जावे लागते, आणि माणसे टिकविण्यासाठी झगडणाऱ्या बेटावरील आणखी एका घराचे दार बंद होते.

म्हणून अशा सेवेचा प्रचार करणे म्हणजे नुसत्या जाहिराती लावणे नव्हे. दुकानाच्या दारावर कागद चिकटविल्याने गाडीची माहिती होते, पण संकोच जात नाही. संकोच घालविण्यास माणूसच लागतो. शेजाऱ्याने शेजारणीला म्हणावे, "आजी, मंगळवारी मी गाडी सांगितली आहे. तुम्हीही चला." दूरध्वनीवर बोलण्यास बिचकणाऱ्यासाठी नातवाने पहिली मागणी नोंदवावी. जावयाचे रद्द झाले तर वेळेवर कळवावे, कारण गाडी दारात येऊन रिकामी परतली तर ती दुसऱ्या कोणाची तरी खेप हिरावून घेते. गाडी येण्यापूर्वी आपण तयार असावे, एवढा शिष्टाचार पाळला तरी सेवेचे अर्धे काम होते.

विहिरीचे पाणी उपसले म्हणजे ताजे राहते, असे जुनी माणसे सांगत. सार्वजनिक सेवांचेही तसेच आहे. त्या वापरल्याने झिजत नाहीत, न वापरल्याने आटतात. अटलांटिकच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या एखाद्या एकाकी घरातून गाडीसाठी हाक जाते, तेव्हा ती हाक याचना नसते. आपल्या बेटावरील सर्वांचा आधार जागता ठेवण्याचे ते एक लहानसे कर्तव्य असते.

स्वाध्याय

1. टायरी बेटावर वेळापत्रकाची गाडी का परवडणार नाही, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
2. हॅडनफील्ड आणि हेलसिंकी येथील प्रयोगांवरून कोणता बोध मिळतो?
3. 'माझ्या एकटीसाठी एवढी गाडी कशाला?' या विचाराने वृद्धेचे आणि गावाचे कसे नुकसान होते?
4. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : अंगवळणी पडणे, हाकेला ओ देणे, थैमान घालणे.
5. वापर न झाल्यामुळे बंद पडलेली किंवा बंद पडू पाहणारी एखादी सार्वजनिक सोय तुमच्या गावात आहे काय? वडीलधाऱ्यांना विचारून तिच्याविषयी दहा ओळी लिहा.