'वातुल' आणि 'पिसा' : शब्दविचार व चिकित्सा

"पोरगा पिसाटल्यासारखा करतो; आता हसतो, घडीभराने रडतो," हे वाक्य ज्याच्या कानी पडले नाही असा वैद्य आपल्या बुलढाणा जिल्ह्यात विरळाच. अशा अनिश्चित वर्तनाच्या दोन शब्दांचा विचार आम्ही येथे करीत आहोत. कारण रुग्णाला कोठे न्यावयाचे, हे पुष्कळदा शब्दच ठरवितो.

'वातुल' हा शब्द 'वात' यापासून सिद्ध होतो. संस्कृतात वातपीडित व वेडा असे त्याचे दोन्ही अर्थ आहेत. प्राकृत 'वाउल', हिंदी 'बावला' ही त्याचीच रूपे. मराठीत 'वातूळ' हरभरा-वाटाण्यापुरता उरला. वाताच्या शीघ्र गुणामुळे भय, प्रीती व अप्रीती झटकन उत्पन्न होतात, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात वर्णन आहे. तर वातज उन्मादात अस्थानी हास्य, गीत व नृत्य ही लक्षणे सांगितली आहेत.

'पिसा' हा शब्द 'पिशाच' यापासून आला. 'वेडापिसा', 'पिसाळणे' हे त्याच कुळातील. म्हणजे पहिला शब्द निज हेतू सुचवितो, दुसरा आगंतु. चरकांनी उन्मादाचे पाच प्रकार मानून आगंतु हा पाचवा सांगितला. तथापि निदानस्थानात प्रज्ञापराधाने होणाऱ्या दुःखाचा दोष देव वा पिशाचांना देऊ नये, असेही बजावले.

पिंपळगाव सराई येथील सैलानी दर्ग्यावर मनोरुग्णांना आणण्याची प्रथा आहे. कोणाच्या श्रद्धेस धक्का लावण्याचा आमचा हेतू नाही. मात्र श्रद्धेपायी औषध थांबू नये. रुग्णास साखळीने बांधणे तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये निषिद्ध आहे.

औषधविक्रेत्यांसही विनंती आहे. 'वेडावरचे औषध' म्हणून केवळ नातेवाइकांच्या शब्दावर सर्पगंधा देऊ नये. तिच्यातून १९५२ साली वेगळे केलेले रिसर्पिन रक्तदाब उतरविते, तसेच विषण्णताही आणू शकते.

सारांश, नातेवाईक 'पिसा' म्हणाले तरी वैद्याने निद्रा, आहार, ज्वर, मद्यपान, आघात व चालू औषधे विचारावीत. आत्मघाताची भाषा आढळल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्यास क्षणाचाही विलंब करू नये. शब्द रुग्णाच्या घरचा असतो. निदानाचे दायित्व आपले आहे.