फुलांवरील किडे आणि भर उन्हांतील छायाचित्र

पिकावर कोणता किडा आहे हें ओळखल्यावांचून औषध फवारूं नये, हा सल्ला शेतकरी बंधूंनीं पुष्कळदां ऐकला असेल. परंतु ओळखावयाचें कसें? पकडूं गेल्यास किडा उडतो. आणि तज्ज्ञास तोंडी वर्णन सांगितल्यास ‘काळसर, बारीक’ याहून अधिक त्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. या कामीं छायाचित्राचा उपयोग फार आहे, व हल्लीं बहुतेकांच्या खिशांत मोबाइल असल्यामुळें त्यास निराळा खर्चहि नाहीं. अडचण आहे ती उन्हाची.

करडईचेंच उदाहरण घेऊं. फुलोऱ्याच्या सुमारास शेंड्यांवर मावा, माव्याच्या मागोमाग ढालकिडे, आणि फुलांवर सातेरी व फुलोरी मधमाशा असा मेळाच भरतो. प्रस्तुत लेखकानें एका वर्षीं आपल्या करडईवर काळ्या अंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या लांबट अळ्या पाहिल्या. भर दुपारीं फोटो काढला. त्यांत अळी म्हणजे निव्वळ काळा डाग उमटला. धीर न धरवून दुसऱ्या दिवशीं फवारणी केली. मावा लवकरच परत आला, अळ्या मात्र आल्या नाहींत. पुढील हंगामांत सावलींत नीट फोटो निघाला तेव्हां उलगडा झाला कीं, त्या ढालकिड्याच्याच अळ्या असून माव्यावरच जगत होत्या!

असें कां होतें? आपला डोळा ऊन व सावली दोन्ही एकदम सांभाळतो. कॅमेऱ्यास तें साधत नाहीं. डोक्यावरच्या उन्हांत पिंवळी पाकळी जळल्यासारखी सपाट दिसते व किड्याच्या पोटाखालची बाजू काळोखांत बुडते. सकाळीं थंडीनें किडे सुस्त असतात, त्या वेळीं अळ्यांचे व ढालकिड्यांचे फोटो खुशाल काढावे. पण मधमाशी ऊन चढल्यावरच कामास निघते. तिच्यासाठीं उन्हांतच उभें राहिलें पाहिजे.

उपाय सोपा आहे. जुन्या धोतराचा पातळ पांढरा तुकडा तारेच्या कड्यावर ताणून बसवावा व तो सूर्य आणि फूल यांच्यामध्यें, फुलापासून वीतभर अंतरावर धरावा. ऊन त्यांतून गाळून येतें आणि सावल्यांची धार जाते. दुसऱ्या बाजूस पांढरा कागद धरल्यास पोटाखालींहि उजेड पोंचतो. मात्र कापड हळूहळू आणावें. अंगावर एकाएकीं सावली पडली कीं माशी उडालीच म्हणून समजावें. मोबाइलच्या पडद्यावर किड्यावर बोट टेंकवून उजेड किंचित् कमी करावा. अंधुक राहिलेला भाग मागाहून उजळतां येतो, जळलेली पाकळी परत येत नाहीं.

ज्यांच्याजवळ स्वतंत्र कॅमेरा व जवळून टिपणारें भिंग आहे, त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. किडा जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा आंत उमटेल इतकें जवळ गेल्यास, भिंगाचें तोंड एफ ११ इतकें लहान ठेवूनहि स्पष्टतेची खोली जेमतेम एक-सव्वा मिलीमीटर राहते. दहा मिलीमीटरची माशी तींत मावावी कशी? म्हणून कॅमेरा किड्याच्या अंगास समांतर धरावा व डोळा स्पष्ट येईल असें पाहावें. वाऱ्यानें फूल हालत असेल तर देंठाशेजारीं काठी रोवून चिमट्यानें तो तिला धरून ठेवावा. करडईस हात लावणें किती सुखाचें असतें हें वाचकांस सांगणें नलगे. एकावर न थांबतां दहा-पंधरा फोटो घ्यावे.

चित्रांत पाहावयाचें काय? पिंवळ्या-काळ्या पट्ट्यांची प्रत्येक माशी मधमाशी नव्हे. सिर्फिड माशी तशीच दिसते. पण तिला पंखांची एकच जोडी असते, मधमाशीस दोन. सिर्फिडच्या मिशा अगदीं आंखूड, मधमाशीच्या लांब व कोंपरासारख्या वांकलेल्या. या माशीच्या बऱ्याच जातींच्या अळ्याहि मावा खातात. म्हणून पंखांचें मूळ व डोकें दिसेल असा एक फोटो बाजूनें आणि एक वरून अवश्य घ्यावा, व तारीख, वेळ, आणि किडा फुलावर होता कीं शेंड्यावर, हें लगोलग वहींत टिपून ठेवावें.