बावन्न टक्के पुरतात का?

प्रश्न : माझी दृष्टी अधू आहे, प्रमाणपत्रावर 45 टक्के दिव्यांगत्व. एम.ए.ला 52 टक्के, नेट उत्तीर्ण. सरकारी विद्यापीठाच्या जाहिरातीत सहायक प्राध्यापकासाठी 55 टक्के मागितलेत. अर्ज करू का?

उत्तर : बेलाशक करा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दिव्यांगांना 5 टक्क्यांची सवलत आहे. तुम्हाला 50 पुरतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आस्थापनांत किमान 4 टक्के पदे दिव्यांगांसाठी राखीव, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांचा. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते, ते तुमचे आहेच. जाहिरातीतल्या ‘विविधतेला प्राधान्य’ अशा गुळगुळीत वाक्यावर मात्र विसंबू नका. ते छापायला काही लागत नाही. आरक्षणाचा तक्ता उघडून आपल्या विषयासमोरचा दिव्यांगांचा रकाना बघा. दिव्यांगांचे ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड नसेल, तर आजच अर्ज टाका.