परतीची केबल : मॉड्युलर सिंथवर डिले बांधण्याची कृती

तयार डिले मॉड्युलवर बहुधा तीन नॉब असतात : वेळ, फीडबॅक आणि मिक्स. ते फिरवले की काम भागतं. पण तेवढंच हवं असेल तर गिटारवाल्यांचं पेडल बरं, निम्म्या पैशात येतं. मॉड्युलरवर मजा वेगळी आहे. मॉड्युलचा स्वतःचा फीडबॅक शून्यावर आणायचा आणि आवाजाची परतीची वाट बाहेरून, आपल्या केबलने बांधायची. चिप फक्त उशीर करते. डिलेला स्वभाव येतो तो या वाटेवर आपण काय काय बसवतो त्यावरून.

साहित्य : एक डिले, दोन छोटे मिक्सर, एक लो-पास फिल्टर, दोन व्हीसीए, एक एलएफओ, आवाजासाठी ऑसिलेटर आणि एन्व्हलप, सिग्नल वाटायला दोन मल्टिपल आणि भरपूर केबल. हार्डवेअर नसेल तर संगणकावरचं व्हीसीव्ही रॅक फुकट मिळतं. खालची सगळी कृती त्यावरही होते.

आधी आवाज तयार करा. ऑसिलेटर एका व्हीसीएतून न्या, एन्व्हलपचा अटॅक शून्य आणि डिके शंभरेक मिलिसेकंद ठेवा, आणि दोन-तीन सेकंदांनी एक ठोका पडेल असा मंद क्लॉक द्या. आवाज तुटकच हवा. लांबलेल्या सुरावर डिले लावला की सगळं एकमेकांत मिसळतं आणि नक्की काय बदललं तेच कळत नाही.

आता जोडणी. या आवाजाचे मल्टिपलने दोन फाटे करा. एक थेट शेवटच्या मिक्सरला, म्हणजे ज्यातून आपण ऐकणार त्याला. दुसरा डिलेच्या अलीकडे ठेवलेल्या मिक्सरच्या पहिल्या चॅनेलला. त्या मिक्सरचं आउटपुट डिलेच्या इनपुटमध्ये. डिलेचा मिक्स नॉब पूर्ण ‘वेट’कडे, फीडबॅक शून्य. डिलेतून निघालेल्या आवाजाचेही दोन फाटे : एक शेवटच्या मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला, आणि दुसरा मागे फिरवून पहिल्या मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला. हीच परतीची केबल. ती लावण्यापूर्वी त्या चॅनेलचा नॉब पूर्ण बंद आहे ना ते बघा आणि हेडफोन कानावरून काढून टेबलावर ठेवा. यूरोरॅकमध्ये ऑडिओ सिग्नल साधारण दहा व्होल्टचा असतो. फीडबॅक हाताबाहेर गेला तर कानठळ्या बसतात.

वेळ ४०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून परतीचा नॉब हळूहळू उघडा. आवाज प्रत्येक फेरीत निम्मा होत असेल तर दर पुनरावृत्तीला ६ डेसिबल कमी होतात, आणि दहाव्या फेरीपर्यंत ६० डेसिबल गेलेले असतात, म्हणजे जवळजवळ काहीच उरत नाही. परतीचं प्रमाण ०.८ केलंत तर तेवढंच विरायला एकतीस फेऱ्या लागतात. १ वर आवाज विरतच नाही, आणि १ च्या पुढे तो स्वतःहून वाढत जातो. गंमत आहे ती ०.९ आणि १ यांच्या मधल्या बोटभर जागेत. नॉबवर आकडे लिहिलेले असले तरी त्यांच्यावर विसंबू नका, ही जागा कानानेच सापडते.

मग परतीच्या केबलमध्ये फिल्टर घाला : डिलेचा मागे जाणारा फाटा फिल्टरमध्ये, फिल्टरचं आउटपुट पहिल्या मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला. कटऑफ ३ किलोहर्ट्झच्या आसपास. पहिली पुनरावृत्ती जशीच्या तशी येते, दुसरी एकदा गाळलेली, तिसरी दोनदा, आणि असंच पुढे. आवाज मागे मागे सरकत गेल्यासारखा वाटतो. रेझोनन्स मात्र अगदी कमी ठेवा. तो वाढवला तर फिल्टर एका ठरावीक स्वराला उचलून धरतो, त्या स्वरापुरतं परतीचं प्रमाण १ च्या वर जातं आणि शिट्टी सुरू होते. ती हवी असेल तेव्हा हाच उपाय आहे, हे वेगळं. जागा असेल तर १५० हर्ट्झचा हाय-पासही लावा. खालचा गाळ साचत नाही, आणि काही मॉड्युलांमधून जो थोडा स्थिर व्होल्टेज गळतो तो फेरीगणिक वाढत जाऊन आवाज चिरडत नाही.

इथे अ‍ॅनालॉग डिलेत असणाऱ्या बीबीडी (बकेट ब्रिगेड डिव्हाइस) चिपबद्दल थोडं सांगायलाच हवं. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी ती काढली. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तशी इथे कपॅसिटरची रांग क्लॉकच्या प्रत्येक इशाऱ्यावर विद्युतभार पुढे सरकवते. उशीर किती? पायऱ्यांच्या संख्येला क्लॉकच्या दुपटीने भागा. ४०९६ पायऱ्यांच्या चिपकडून ०.२ सेकंद हवे असतील तर क्लॉक साधारण १० किलोहर्ट्झवर आणावा लागतो, आणि १० किलोहर्ट्झ तर कानाला ऐकू येतो! म्हणून अशा डिलेच्या आउटपुटवर, दोन फाटे फुटण्याच्या आधीच, क्लॉकच्या साधारण एक तृतीयांशावर आवाज कापणारा तीव्र फिल्टर लागतो. जुन्या अ‍ॅनालॉग डिलेचा जो ऊबदार, मंद आवाज लोकांना आवडतो तो बराचसा या नाइलाजातून आलेला आहे. डोएफरच्या ए-१८८-१ या बीबीडी मॉड्युलमध्ये हा फिल्टर मुद्दाम दिलेला नाही. तुम्ही तुमचा लावा. क्लॉकची शिट्टी ठेवायची की कापायची हेही मग तुमच्या हातात राहतं.

आता दुसरा व्हीसीए. तो दोन ठिकाणी बसू शकतो आणि दोन्हींचे परिणाम अगदी वेगळे. परतीच्या वाटेवर बसवला तर पुनरावृत्त्या किती टिकतील ते एलएफओ किंवा सीक्वेन्सर ठरवतो. डिलेकडे जाणाऱ्या मूळ फाट्यावर बसवला तर कोणता ठोका डिलेत शिरेल ते ठरतं : आठांतला एकच आत टाका, बाकीचे कोरडे राहू द्या. सत्तरच्या दशकात जमैकाच्या किंग्स्टनमध्ये किंग टबीसारखे डब संगीतकार मिक्सरवर हाताने हेच करत, गाण्यातला एखादाच शब्द एकोत सोडून देत. मला ही दुसरी जागा जास्त उपयोगाची वाटते. सतत चालू असलेल्या डिलेचा कंटाळा फार लवकर येतो.

वेळेच्या सीव्ही इनपुटला मंद एलएफओ द्या, ०.३ हर्ट्झचा, पण अ‍ॅटेन्युएटरमधून आणि अगदी कणभर. उशीर बदलत असतानाच आत साठलेल्या आवाजाची पट्टीही वरखाली होते, त्यामुळे पुनरावृत्त्या जुन्या टेपसारख्या डुलतात. जास्त दिलंत तर सूर घसरतो. काही डिजिटल डिले पट्टी बदलण्याऐवजी एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर उडी मारतात. त्यांच्यावर हा प्रयोग वाया जातो.

लयीत बसवायचं असेल तर ६०,००० ला मिनिटाच्या मात्रांनी भागा, उत्तर मिलिसेकंदांत येतं. १२० च्या लयीत मात्रा ५०० ची. डिले ३७५ वर, म्हणजे पाऊण मात्रेवर ठेवून बघा : चौथी पुनरावृत्ती बरोबर तीन मात्रांनी पुन्हा मात्रेवर पडते, मधल्या तिन्ही आडव्या जातात. एकच साधा ठोका देऊन एवढं काम होतं.

शेवटचा प्रकार याच जोडणीतून निघतो, फक्त वेळ खूप कमी करायची. केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली. ऑसिलेटर काढून नॉइज लावा, डिके ५-१० मिलिसेकंद, परतीचं प्रमाण १ च्या किंचित अलीकडे, फिल्टर जागेवरच. डिले ३.६ मिलिसेकंद केलात की छेडलेल्या तारेसारखा काळी एकचा मधला षड्ज, २७७ हर्ट्झचा, वाजू लागतो. फिल्टरही थोडा उशीर करतो, त्यामुळे सूर जरा उतरलेला येईल. वेळ कमी करत तंबोऱ्याशी जुळवून घ्या. पीटी २३९९ चिपवरचे डिले इथे चालत नाहीत, ते साधारण ३० मिलिसेकंदांच्या खाली उतरत नाहीत. कमी पायऱ्यांची बीबीडी किंवा डिजिटल डिले घ्या. तार जुळली की परतीचा फाटा उलट्या ध्रुवतेने जोडून पाहा. सूर एक सप्तक खाली जातो आणि आवाज पोकळ होतो, कारण आता फक्त विषम स्वरांश उरतात.